मागून येणारी हाक

११ जानेवारी

बाई प्रश्न वाचत होती, तोवर बाबांनी नाकातली नळी काढून उशीखाली सरकवली. मग पाय लांब करून अंगठ्याने मशीनचं बटण बंद केलं. खोलीतली गुरगुर थांबली तशी बाईने वर पाहिलं.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही. त्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येईना. हं, काय म्हणत होतीस?"

वीज कंपनीने पाहणीला पाठवलेली बाई. मांडीवर फळी, फळीवर कागद. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गावाला वेगळी लाइन मिळाली आणि वीज दिवसरात्र न जाता राहिली, तर महिन्याच्या बिलात किती वाढ तुम्हाला चालेल? दुप्पट बिल चालेल का?

बाबा छताकडे बघून हसले. "दुप्पट? अगं, आहे तीच आम्हाला जास्त होते. रात्री झोपायचं सोडून दिव्याकडे बघत बसायचं का?"

"मग दीडपट?"

"तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"आजोबा, दीडपट चालेल का?"

"हिला पाणी दे गं. उन्हातून आलीय."

दादा, गुरांच्या बाजारातलं त्यांचं हे सगळं तुला पाठ आहे. समोरच्याने भाव सांगितला की जनावर सोडून जगातल्या कशाबद्दलही बोलायचं. बाई एकेक पायरी खाली येत गेली. तिच्या कागदावर तसंच छापलेलं होतं. नाही म्हटलं की पुढचा, कमी आकडा वाचायचा. बाबांना वाटलं, ती नरमतेय. प्रत्येक आकड्याला त्यांची पाठ थोडी ताठ होत होती. ओठ निळे पडायला लागले होते. मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते.

शेवटी तिने विचारलं, "म्हणजे काहीच वाढ नको, असं लिहू?"

"लिही. आम्हाला गरजच नाही."

तिने लिहिलं, पाणी प्यायली, चपला घालून निघून गेली. मी मशीन सुरू केलं, नळी लावली. बोलता यायला त्यांना बराच वेळ लागला. बोलले ते एवढंच, "कोपऱ्यावरून परत येईल बघ."

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडता येतं, पण त्याआधी हातात तरी घ्यावं लागतं.

तुझी धाकटी


२३ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात मशीनचं नाव काढून मी पुढे निघून गेले. तेव्हा वाटलं होतं, तुझ्या लक्षात येणार नाही. मग वाटलं, यावं म्हणूनच लिहिलं असेन.

ते ऑक्सिजनचं मशीन आहे. बाबांची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं विडी ओढली त्याचं हे फळ. नळी लावली की बाबा बोलतात, जेवतात, मला चिडवतात. काढली की थोड्या वेळाने काहीच करू शकत नाहीत. तुला कळवू नको असं त्यांनी मला बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं.

मशीन वापरलेलं आहे. ज्याचं होतं तो माणूस गेला, त्याच्या बायकोकडून घेतलं. भाव बाबांनीच केला, खाटेवर पडून, फोनवर. तिला म्हणाले, "बाई, आधीच्याला तरी कुठे गुण आला?" आणि तिने भाव उतरवला. मला त्या बाईला तोंड दाखवायला लाज वाटली. मशीन आणायला मात्र मलाच जावं लागलं.

वीज तू होतास तेव्हापेक्षा जास्त जाते. कधी जेवताना, कधी पहाटे. गेली की मशीन किंचाळतं. इन्व्हर्टरची बॅटरी बसलीय. मग मी दारामागचं सिलिंडर ओढत आणते आणि नळी तिकडे जोडते. सिलिंडर शहरात भरून मिळतं. बसवाला टपावर चढवू देतो, पण दर वेळी म्हणतो, "फुटलं बिटलं तर आम्ही सगळे तुमच्या बाबांच्या आधी जाऊ." माझं शिवणयंत्र पायाने चालतं. मला एकटीला विजेची गरज नाही, असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

पाहणीची बाई सगळ्यात आधी आपल्याच घरी आली होती. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्या गावात फिरणार होती. त्या संध्याकाळी लोक आपल्या घरी जमले. गिरणीवाला आला, समोरची काकी आली, मागून बरेच जण. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. बाजार सुटल्यापासून इतकी माणसं आपल्या घरात आली नव्हती.

गिरणीवाला म्हणाला, "दलालकाका, बाई उद्या आमच्याकडे. किती सांगू?"

"आकडा सांगायचाच नाही. जो आधी आकडा सांगतो तो मेला."

"पण काका, माझी गिरणी अर्धा दिवस बंद असते. मला दुप्पट बिलसुद्धा परवडेल."

"हेच सांग तिला. उद्या तिप्पट मागेल."

काकी म्हणाली, "आणि ती उठून गेली म्हणजे?"

"जाऊ दे. चार पावलं जाईल, परत येईल. माल तिला विकायचाय. आपल्याला कुठे घ्यायचाय?"

"घ्यायचा तर आहे की हो."

"ते तुला माहीत. तिला कशाला कळायला हवं?"

सगळे हसले. बाबाही हसले, मग खोकले. लोक नळीकडे बघत नव्हते. मशीनच्या आवाजामुळे त्यांना वाकून ऐकावं लागत होतं, आणि ते वाकून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी वीज असूनही गिरणीवाल्याने गिरणी बंद ठेवली आणि दारात बसून दात कोरत राहिला. काकीने भर सकाळी ओसरीवर रॉकेलचा कंदील घासायला काढला. एकाने तर बाईला सांगितलं की त्याला दिव्याच्या उजेडाने डोकं दुखतं. संध्याकाळी एकेक जण येऊन बाबांना हिशोब देऊन गेला. कोण काय म्हणाला, बाईचं तोंड कसं पडलं. बाबांनी त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त जेवण केलं.

पूर्ण गावाचं एकच उत्तर गेलं. गरज नाही.

धाकटी


२ मार्च

दादा,

कुणी परत आलेलं नाही.

सुरुवातीला बाबा रोज विचारायचे, "काकीकडे कुणी आलं होतं?" नंतर म्हणायला लागले, "त्यांनाही थोडा दम धरावा लागतो." आता विचारत नाहीत. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की बोलता बोलता गप्प होतात, एवढंच.

तू का गेलास ते मला माहीत आहे. आपल्या घरात ते कुणी बोलत नाही. बाजारात तू कासरा धरून उभा होतास आणि कुणीतरी गमतीने विचारलं, "दलाल, या पोराचं काय घेणार?" बाबांनी तुला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हणाले, "कासऱ्यासकट नेलास तर नुसत्या कासऱ्याचे पैसे दे." सगळा बाजार हसला. तू कासरा खुंट्याला बांधलास आणि चालत घरी आलास. पुढच्या पावसाळ्याआधी तू गेला होतास. बाबांना अजून वाटतं, तू नोकरीसाठी गेलास. किंवा तसं वाटतं असं ते दाखवतात. त्यांच्या बाबतीत हा फरक मला कधीच कळला नाही.

मी माफी मागायला लिहीत नाही. ती माझ्याकडून घेऊन तुला काय उपयोग?

तुझ्याकडे वीज जात नाही, हे मी ऐकलंय. तुझ्या मित्राच्या आईने सांगितलं. म्हणाली, त्या शहरात लोकांच्या घरी मेणबत्तीसुद्धा नसते. तुझ्याकडे एक खाट मावेल का? मशीन टेबलाच्या खणाएवढं आहे. मी बरोबर येईन, किंवा येणार नाही, तू म्हणशील तसं. हे मी बाबांना न सांगता लिहितेय.

मागच्या आठवड्यात वीज गेली आणि सिलिंडर रिकामं निघालं. मला वाटलं होतं, अर्धं आहे. वीज आली तोवर मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले, दुसरं काय करणार? त्यांचं अंग थंड आणि ओलं झालं होतं. त्यातही ते म्हणाले, "सिलिंडरवाल्याने कमी भरलंय. पुढच्या वेळी मला फोन लावून दे."

उत्तर लिही. नाही असलं तरी लिही.

धाकटी


६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. मी ते बराच वेळ उघडलं नाही, मग उभ्याउभ्याच वाचलं. "त्यांनी स्वतः विचारलं तर बघू." मागेही पाहिलं, काही लिहिलंय का.

बाबांना मी म्हटलं, "दादाचं पत्र आलंय."

"काय म्हणतो?"

"तुम्ही एकदा बोललात तर तो तिकडे सोय बघेल."

ते भिंतीकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, "आधी त्याने बोलावं. मी बोललो तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याला गरज आहे."

"आहे ना."

"म्हणूनच."

तुम्हा दोघांपैकी एक जरी वेगळा निघाला असता तर माझं काम सोपं होतं.

दुसरं सांगायचं आहे. कालव्यापलीकडच्या गावात खांब उभे राहतायत. सिमेंटचे, नवे. ट्रक आपल्या शाळेवरून जातात. त्या गावातही तीच बाई गेली होती. तिथल्या लोकांनी प्रश्न ऐकले आणि खरं काय ते सांगून टाकलं. कुणी दीडपट म्हणालं, कुणी त्याहून कमी. त्यांच्यात दलाल नाही.

मी वीज कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतला कारकून चांगला माणूस आहे, ओरडत नाही. त्याने कागद काढून दाखवला. आपल्या गावासमोर शून्य. मी विचारलं, सगळ्यांचंच शून्य? तो म्हणाला, "जवळजवळ. एका घराने भलताच आकडा सांगितला होता. त्यांच्या कमाईपेक्षा जास्त. असं एखादंच घर वेगळं आलं की ते वगळतात. म्हणतात, त्या माणसाला प्रश्न समजला नाही."

ते घर आपलं, दादा.

त्या दिवशी बाबांना नळी लावून मी मागच्या दाराने पळत गेले आणि बाईला देवळाच्या वळणावर गाठलं. म्हटलं, आमचं बदलून लिहा. ती म्हणाली, किती लिहू? मी म्हटलं, जे मागाल ते. ती म्हणाली, असं लिहिता येत नाही, आकडा लागतो. मला आकडा सुचेना. मी कधी भाव केलेला नाही, तो तुमचा प्रांत. मग मनात आला तो सगळ्यात मोठा आकडा बोलले. तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, नक्की?" मी म्हटलं, नक्की. तिने जुनं खोडून नवं लिहिलं आणि शेजारी सही केली.

म्हणजे बाबा कोपऱ्यावर जिची वाट बघत होते, तिच्याशी कोपऱ्यावर मी सौदा करून बसले होते. आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठूनही आणून दिलं असतं.

कारकुनाला मी काही बोलले नाही. विचारलं, आता काही होईल का? तो म्हणाला, "पुढची पाहणी होईल तेव्हा." कधी? त्याने खांदे उडवले, पण वाईट वाटल्यासारखे.

गावात बाबांना कुणी दोष देत नाही. त्याचं मला जास्त भय वाटतं. गिरणीवाला परवा विचारायला आला होता, डिझेलचं इंजिन कितीला मागू?

धाकटी


३० एप्रिल

दादा,

खांबांचं बाबांना काकीने सांगितलं. मी सांगणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "माझा बाजाराचा सदरा काढ."

गिरणीवाल्याच्या टेम्पोत गादी टाकून नेलं. सिलिंडर मी दोन्ही पायांत धरून बसले. कचेरीत पायऱ्या आहेत. त्या चढताना ते तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा थांबायचं कारण वेगळं सांगितलं. भिंतीचा रंग बघतोय, म्हणाले. कुणी ओळखीचं दिसलं, म्हणाले. तिसऱ्यांदा नुसतंच, "थांब."

खिडकीशी गेल्यावर त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली आणि म्हणाले, "दुप्पट."

मी त्यांच्या तोंडून आधी आकडा निघालेला आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

कारकून म्हणाला, "कसले दुप्पट, आजोबा?"

"बिल. आमच्या गावाचं. मी सगळ्यांच्या वतीने बोलतोय."

"ते काम संपलं आता."

"बरं. अडीचपट."

"तसं नसतं हो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पक्का आहे." कौतुकाने म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "तिप्पट. याच्यावर एक पैसा नाही."

"आजोबा, मी तुमच्याशी भाव करत नाहीये. माझ्याकडे विकायला काहीच नाही. लाइन दुसरीकडे गेली."

बाबा थोडा वेळ खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. मग वळले आणि दाराकडे निघाले. मी सिलिंडर घेऊन मागे. तुला त्यांची ती चाल आठवत असेल. मान ताठ, पाऊल सावकाश, कान मागे. तसेच चालले, फक्त मध्ये दम घ्यावा लागत होता. दारात थांबले. मागे कारकुनाने पुढच्या माणसाला बोलावलं. बाबा तरी उभेच. शेवटी कुणीतरी म्हणालं, "बाबा, जरा वाट द्या."

टेम्पोत झोपून म्हणाले, "त्याला खरंच विकायचं नव्हतं."

घरी आल्यावर म्हणाले, "त्याला लिही."

"कुणाला?"

"त्याला. लिही की..." आणि बाजाराच्या सदऱ्याची बटणं काढत बसले. "लिही की उन्हाळा यंदा जास्त आहे."

लिहिलं, दादा. त्यांच्याकडून एवढंच आलं. तू याला विचारणं समजशील का, ते मला माहीत नाही. मी समजते.

धाकटी


१७ मे

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. रोज पोस्टमन जाताना काकी ओसरीवरून मला मानेनेच नाही म्हणते.

उद्यापासून दोन दिवस वीज बंद राहणार आहे. कालव्यापलीकडची नवी लाइन जोडायची आहे, आणि ती आपल्या गावातल्या खांबावरूनच पुढे जाते. तारवाले शाळेत मुक्कामाला आलेत. त्यांच्यातला एक पाणी मागायला आला होता, तेव्हा म्हणाला, "दोन सांगतात, पण तीन धरा."

सिलिंडर एकच मिळालं, भरलेलं. दुसरं शहरात नव्हतं. पण काळजी करू नकोस. मी ठरवलंय. उद्या दुपारी गिरणीवाला टेम्पो काढेल, बाबांना शहरातल्या दवाखान्यात नेऊन ठेवू, वीज येईपर्यंत. दुपारपर्यंत एक सिलिंडर सहज पुरतं. डॉक्टरांना विचारून घेतलंय.

बाबांना दवाखाना नको होता. म्हणाले, "तिथे खाटेचे किती घेतात?" मी म्हटलं, तुम्ही ठरवा त्यांच्याशी. त्यावर थोडे हसले. आता अंग फार उतरलंय. मांडी माझ्या मनगटासारखी लागते. मी सांगितलं, सिलिंडर दुपारपर्यंत पुरेल, उरेलसुद्धा. तर म्हणाले, "पुरत नसतं काही. पुरवावं लागतं."

आज त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, तिकडे तू काय काम करतोस. मी म्हटलं, गोदामात मोजणीचं. "मोजणीचं," ते म्हणाले. "म्हणजे त्याला कुणी फसवू शकणार नाही." तुला हे कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. नको असंही म्हणाले नाहीत.

अजूनही यायचं असलं तर ये. दवाखाना बसथांब्यासमोर आहे.

धाकटी


१८ मे, सकाळ

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून त्यावरच लिहितेय.

उजाडताच वीज गेली. मी नळी सिलिंडरला जोडली, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर नॉब ठेवला आणि सिलिंडर खाटेशी उभं केलं. मग टेम्पो दुपारऐवजी लगेच काढ म्हणून सांगायला गिरणीवाल्याकडे गेले. टेम्पो लवकर सुरू होईना. परत आले तेव्हा नॉब जवळजवळ बंद होता. ऑक्सिजन किती येतोय ते दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी तळाला बसली होती. बाबांचा हात नॉबवर होता. ते गेले होते.

सिलिंडर भरलेलंच आहे.